साहेबांचा बंगला शेवटच्या पंगतीला

शालिग्राम दिवटे यांनी आयुष्यात एकच काम केलं. एक लोखंडी चाक थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवलं. वीस वर्षं. एवढंच सांगितलं तर कुणी त्यांच्यावर लिहायला बसणार नाही, हे मला कळतं. पण ते चाक फिरत होतं म्हणून देवासमधल्या टेकडीकडच्या गल्ल्यांत आम्ही दिव्याखाली तांदूळ निवडू शकत होतो, आणि ज्या महिन्यात ते थांबलं त्या महिन्यात भातातले खडे आम्ही दातांनी निवडले.

ते माझे काका. नात्याने नाही; त्यांच्या बायकोला, सुभद्रामावशीला, माझ्या आईने बहीण मानलं होतं. मावशी दर मंगळवारी देवीच्या टेकडीवर जायची आणि उतरताना पायथ्याशी आमच्या घरी पाणी प्यायला थांबायची. आमचं घर विजेच्या तारेवरचं शेवटचं. त्यापुढे पायऱ्या आणि वर देवी.

दिवटे हे आडनावही उगीच नव्हतं. पवारांच्या लष्कराबरोबर दक्षिणेतून त्यांचे पूर्वज आले ते मशाल धरायला. काका सांगायचे, मशाल धरणं म्हणजे नुसती काठी धरणं नव्हे. वारा वाढला की बुधल्यातून तेल जास्त सोडायचं, वारा पडला की हात आखडायचा. तो अंदाज चुकला तर एक तर अंधार, नाही तर सरदाराच्या पागोट्याला आग. "आमच्या घराण्यात तीन पागोटी जळाली," ते अभिमानाने सांगत. "दोनशे वर्षांत तीनच."

मशाली गेल्या, पावरहाऊस आलं, आणि दिवट्यांचा वारस तिथे चिकटला. देवासला तेव्हा राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विजेच्या ताराही दोन. एका पातीचा दिवा दुसऱ्या पातीच्या तारेवर लागला तर राज्य बुडालं असतं. इंजिन मात्र एकच होतं. ते धूर दोन्हीकडे सारखा सोडायचं.

आता चाक कशाचं, ते सांगते. पंगतीचंच उदाहरण घ्या. वाढपी भरलेलं भांडं घेऊन निघतो. पहिल्या पानांवर सढळ हात, शेवटच्या पानांपर्यंत तळ दिसतो. जेवणारे जितके जास्त तितकी शेवटच्याची चंगळ कमी. विजेचंही तसंच. पावरहाऊसातून ती दोनशे वीस वोल्टने निघायची, आणि संध्याकाळी मारुतीची पिठाची चक्की सुरू झाली, टॉकीजचे दिवे लागले की आमच्या गल्लीत पोचेपर्यंत एकशे ऐंशी उरायची. दिवा म्हणजे सुकलेली लाल मिरची.

म्हणून अडतीस साली तिथे बूस्टर नावाचं यंत्र आलं. म्हशीच्या पारड्याएवढं, कुठल्याशा गिरणीतून उतरलेलं. ते टेकडीकडे जाणाऱ्या तारेत मध्ये बसवलं होतं. मूळ विजेत ते आपली थोडी भर घालायचं: वाटेत चाळीस वोल्ट सांडणार असतील तर आधीच चाळीस जास्त. भर किती घालायची ते त्या लोखंडी चाकावर. चाकाला बारा खुणा, एका खुणेला साधारण चार वोल्ट. आणि आमच्या घरासमोरच्या खांबावरून एक बारीक तार उलटी पावरहाऊसात जायची. ती दिवे लावायची नव्हे, टोकाला किती वोल्ट पोचले ते सांगायची. काका तिला खबरी म्हणत. खबरीच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी आणि सुई. सुई दोनशे वीसच्या खाली गेली की चाक उजवीकडे, वर गेली की डावीकडे.

ऐकायला सोपं आहे. पण गावात कुणी विचारून दिवा लावत नाही. चक्की बंद झाली आणि भर तशीच राहिली, की जेवणारे उठून गेले तरी वाढपी पानात ओततोच आहे अशी गत. दिवे पांढरे पडायचे आणि टप टप बल्ब जायचे. म्हणून काका सुईवर डोळा ठेवत आणि कान गावावर. मारुती चक्कीचा पट्टा चढवण्याआधी मोठ्यांदा खाकरायचा. पावरहाऊस तिथून तीन घरं. खाकरणं ऐकलं की काकांचा हात चाकावर. शिवाय ते एकदम फिरवत नसत. "अर्धं फिरवायचं, एक श्वास थांबायचं, सुई कुठे बसते बघायचं, मग उरलेलं," ते म्हणत. "घाई केली की सुई झोपाळा खेळते."

अठ्ठेचाळीसला दोन्ही पात्या विलीन झाल्या. एक तार ठेवली, धाकट्या पातीची नुसतीच लोंबत राहिली. आणि एक्कावन्नच्या पावसाळ्यात पावरहाऊसावर नवे अधिकारी म्हणून उमाशंकरजी साहेब आले.

वाईट माणूस नव्हता. नेमाने पूजा करायचा, कुणाकडून पेरूसुद्धा घ्यायचा नाही. फक्त हलणारी कुठलीही वस्तू त्याला आवडत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी काकांची नोंदवही उघडली. दर अर्ध्या तासाला चाक कितीव्या खुणेवर, ते त्यात लिहिलेलं. दोन, दोन, पाच, नऊ, अकरा, सहा.

"ये क्या है, शालिग्राम? कोई एक बात पर टिकते नहीं?"

"साहेब, गाव एका जागी बसत नाही. चाक कसं बसेल?"

"गाँव अनुशासन में नहीं है तो क्या मशीन भी नहीं रहेगी?"

शेजारी हेडक्लार्क दत्तोपंत उभे होते. दत्तोपंतांनी धाकट्या पातीचे दोन राजे आणि एक दिवाण बघितले होते, आणि तिघांनाही "अगदी बरोबर" हे एकच उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, "अगदी बरोबर."

साहेबांनी तीन महिन्यांचे आकडे मिळवले, भागले, उत्तर पाच आणि वर काही आलं. वरचं काही त्यांनी सोडून दिलं. चाक पाचव्या खुणेवर आणून त्याला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली दत्तोपंतांच्या कनवटीला. भिंतीवर कागद लागला: चाकाची योग्य जागा पाच.

मग आमच्याकडे काय झालं ते सांगायला नको. संध्याकाळी मिरची, आणि चक्की बंद झाली की टप. आईने कंदील परत खाली काढला. तक्रारी गेल्या. साहेब प्रत्येक तक्रार वाचत आणि खिडकीबाहेर आपल्या बंगल्याकडे बघत. बंगला पावरहाऊसाला लागूनच, टेकडीच्या तारेवरचं पहिलं घर. पूर्वी तिथे घोड्यांचा दवाखाना होता, घोड्यांनी कधी दिव्याची तक्रार केली नव्हती. बूस्टरची भर पहिल्या घराला पुरी मिळायची, वाटेत काही सांडायच्या आत. त्यामुळे साहेबांकडे लख्ख उजेड. "मेरे यहाँ तो बढ़िया है," ते म्हणत. "लोगों की आँखें कमज़ोर हैं."

लख्ख उजेडाचे बल्ब टिकत नाहीत. भाद्रपद लागता लागता साहेबांच्या बैठकीतले चार बल्ब एका आठवड्यात गेले, तेव्हा लोकांची दृष्टी एकदम सुधारली. साहेबांनी कुलूप काढलं, पण दुसरा हुकूम लिहिला. खबरी तार खोटं बोलते, कारण ती फार लांबून येते. ती तोडून साहेबांच्या बैठकीला जोडावी. तिथे एक तबकडी, पावरहाऊसात एक. बैठकीतली सुई कायम दोनशे वीसवर पाहिजे. दसऱ्यापर्यंत ती हलली, किंवा गावातून तक्रार आली, तर चाकवाल्याची जागा रद्द आणि शालिग्राम दिवटे यांनी क्वार्टर रिकामं करावं.

सुभद्रामावशी त्या मंगळवारी आमच्याकडे आली तेव्हा पाण्याचा पेला हातातच राहिला होता तिच्या.

"अगं, क्वार्टरच्या मागे मी केळ लावली आहे," ती आईला म्हणाली. "घड धरलाय." मूलबाळ नव्हतं तिला. गावात दुसरं घरही नव्हतं.

पेच उघड होता. बंगल्यात दोनशे वीस ठेवायचे तर बूस्टरने भर घालायचीच नाही, आणि पुढे नवरात्र. नवरात्रात टेकडीच्या पायऱ्यांवर तीनशे दिव्यांची माळ लागायची, आमच्याच तारेवर. भर न घालता ती माळ म्हणजे विझत्या निखाऱ्यांची रांग. गाव तक्रार करणार, जागा रद्द. भर घातली तर साहेबांची सुई दोनशे साठवर, जागा रद्द. काकांनी दोन दिवस चाकाला हात लावला नाही. लावायचं कारणच नव्हतं.

गणपतीत आमच्याकडे दीडशे पानं उठायची. काका वाढपी असत. चाक फिरवणाऱ्याच्या हाताला अंदाज असतो असं आमचे वडील नारायणराव म्हणत. त्या वर्षी मात्र काकांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पहिल्या पंगतीला पोळ्या इतक्या सढळ गेल्या की मागच्या पोळ्या लाटेपर्यंत पुरण संपलं. शेवटच्या पंगतीला, रीतीप्रमाणे, यजमान म्हणून वडील बसले आणि घरच्या बायका. वडिलांच्या पानात पुरणपोळी आली ती नुसती पोळीच होती.

वडील जेवले. हात धुताना आईला म्हणाले, "पुढच्या वर्षी डाळ दोन पायल्या जास्त भिजवा."

सुभद्रामावशी खरकटं काढता काढता म्हणाली, "बघा. भावोजी शेवटी बसले म्हणून कळलं तरी. पहिल्या पंगतीला बसून ढेकर दिला असता तर पुढच्या वर्षीही आम्ही कोरडीच पोळी खाल्ली असती. तुमच्या त्या साहेबाला एकदा बसवा म्हणावं शेवटच्या पंगतीला."

काका आमटीचं पातेलं धरून उभे होते. ते पातेलं त्यांनी खाली ठेवलं, आणि आवराआवर अर्धी उरली असताना सरळ घराबाहेर गेले. रस्त्यात उभे राहून वर बघत होते. वर धाकट्या पातीची रिकामी तार लोंबत होती, आमच्या खांबापासून थेट पावरहाऊसापर्यंत.

साहेबांना बंगला सोडून शेवटच्या घरात राहायला सांगणं शक्य नव्हतं. पण बंगल्याची वीज शेवटच्या खांबावरून नेता येणार होती. टेकडीच्या तारेने वीज पायथ्याशी यायची, आणि तिथून धाकट्या पातीच्या रिकाम्या तारेने गाव ओलांडून परत बंगल्यात जायची. मग साहेब जागच्या जागी राहून गावातलं शेवटचं घर होणार होते. त्यांच्या बैठकीतली सुई म्हणजे पुन्हा आमची खबरीच.

हे साहेबांना सांगायचं कसं, एवढंच उरलं. काका दत्तोपंतांकडे गेले.

दत्तोपंत म्हणाले, "शालिग्राम, त्यांना शेवटचं म्हणालास तर तू संपलास. शेवटचा हा शब्दच काढू नकोस. मी बोलतो."

दत्तोपंत काय बोलले ते त्यांनी पुढे वर्षभर ज्याला त्याला ऐकवलं. बंगल्याला सध्या गावाच्या सामायिक तारेची वीज येते, जिच्यावर चक्कीही चालते. साहेबांच्या दर्जाला ते शोभत नाही. धाकट्या पातीच्या महाराजांची खास तार मोकळी पडली आहे. ती जोडली तर साहेबांना वीज सरळ माताजींच्या चरणांपासून येईल, मध्ये दुसऱ्या कुणाचं घर नाही. शब्द न् शब्द खरा होता.

"माताजी के चरणों से?" साहेबांनी विचारलं.

"अगदी बरोबर," दत्तोपंत म्हणाले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी जोडणी झाली. साहेबांनी तारेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचा तुकडा आमच्याकडेही आला, खांब आमच्यासमोर होता म्हणून. आई म्हणाली, देवीला सगळं कळतं. मलाही तसंच वाटलं होतं.

आणि काकांचं चाक फिरायला लागलं. साहेबांच्या बैठकीत दोनशे वीस, तर पायथ्याशी दोनशे चोवीस, कारण परतीच्या वाटेत थोडं सांडायचंच. काका म्हणायचे, ते वरचे चार देवीचे. एक एक दिवस जात होता आणि दसरा जवळ येत होता. मावशीची केळ अजून तिथेच होती.

अष्टमीला संध्याकाळी मी मावशीबरोबर काकांसाठी भगरीचा डबा घेऊन पावरहाऊसात गेले. तीनशे दिव्यांची माळ, त्यात टॉकीजचा खेळ, त्यात सणाचं दळण म्हणून मारुतीची चक्की. काकांचं धोतर घामाने चिकटलं होतं. डोळा सुईवर, हात चाकावर. अर्धं, श्वास, उरलेलं. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

तेवढ्यात उमाशंकरजी आत आले. चेहरा प्रसन्न. आठ दिवस त्यांच्या बैठकीतली सुई केसभर हलली नव्हती, आणि ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत असत असं मी ऐकलं होतं. शाबासकी द्यायला आले होते. त्यांनी फिरतं चाक बघितलं आणि प्रसन्नता गेली.

"तुम इसे घुमा रहे हो?"

"होय साहेब."

"सुई तो आठ दिन से हिली नहीं. फिर घुमाने की ज़रूरत क्या है?"

"फिरवतोय म्हणून हलली नाही, साहेब."

साहेबांना हा उद्धटपणा वाटला. त्यांनी नोंदवही ओढली. दोन, सात, अकरा, आठ. पूर्वीचाच बेशिस्तपणा. मावशीने माझा दंड धरला.

"हाथ हटाओ," साहेब म्हणाले.

काकांनी हात काढला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. बाहेर मारुती खाकरला. मी काकांच्या बोटांकडे बघत होते. ती हवेतच वळली. चक्की घरघरली आणि सुई उतरायला लागली. दोनशे दहा. दोनशे. खिडकीतून टेकडी दिसत होती, पायऱ्यांची सगळी माळ पिवळी होत चालली.

साहेबांनी चाक धरलं आणि उजवीकडे पुरं फिरवलं. माळ एकदम पांढरी झाली. ते घाबरले, डावीकडे पुरं फिरवलं. माळ लाल. पुन्हा उजवीकडे. टेकडी श्वास घेतल्यासारखी उजळत होती, मावळत होती. आणि वरून हजार लोकांचा जयजयकार ऐकू आला. लोकांना वाटलं, अष्टमीला देवी प्रसन्न झाली.

"साहेब," मावशी हळूच म्हणाली, "बंगल्यातले बल्ब जातील हो."

साहेबांनी चाक सोडलं, जणू तापलं होतं. काका पुढे झाले. अर्धं. एक श्वास. उरलेलं. सुई दोन हेलकावे खाऊन दोनशे वीसवर बसली. टेकडी स्थिर झाली, वरचा जयजयकारही हळूहळू थांबला. मला वाटतं लोकांची थोडी निराशा झाली.

साहेब बराच वेळ काकांच्या हाताकडे बघत होते. मग निघून गेले.

दसऱ्याला कागद आला. चाकवाल्याची जागा रद्द, असंच वर लिहिलं होतं. मावशीने तेवढंच ऐकलं आणि उठून मागे केळीपाशी गेली. काका पुढचं वाचत राहिले. साहेबाने एकदा लिहिलेलं मागे घेणं त्याच्या दर्जाला शोभलं नसतं, म्हणून जुनी जागा रद्द करून त्याच क्वार्टरसह नवी जागा काढली होती: बंगला सुई निरीक्षक. नेमणूक, शालिग्राम दिवटे. काम, बंगल्यातली सुई जागेवर ठेवणे. त्यासाठी चाक फिरवावं लागल्यास फिरवावे, परंतु नोंद करू नये.

काका अठ्ठावन्नला निवृत्त झाले ते बंगला सुई निरीक्षक म्हणूनच. मध्ये तीन साहेब बदलले. प्रत्येकाला ती खास तार आवडली आणि आपल्याच मानासाठी ती आहे याची प्रत्येकाला खात्री होती. टेकडीकडच्या गल्ल्यांतून त्या सात वर्षांत एक तक्रार गेली नाही. उमाशंकरजींची बदली झाली तेव्हा मावशीने त्यांच्या टांग्यात केळ्यांचा घड ठेवला, आणि पेरूसुद्धा न घेणाऱ्या त्या माणसाने तो देवीचा प्रसाद समजून घेतला.

निवृत्तीनंतर काका दर गणपतीत आमच्याकडे येत, पण वाढायला नाही. वडील त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवत, शेवटच्या पंगतीला. पानात पुरणपोळी पडली की काका आधी ती बोटाने दाबून बघत, मग वडिलांकडे बघून मान हलवत. पुरण भरलेलं असे.